भिंतीवरील चौक : नगरातील सार्वजनिक कलेच्या नियोजनाविषयी
१८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणाचे पाणी मुंबईला मिळते. त्याच शहापूर परिसरात वस्ती असलेल्या वारली समाजाची चित्रशैलीही आज महानगराच्या भिंतींवर आढळते. मात्र पाणी आणण्यामागे जे नियोजन होते, ते चित्र आणण्यामागे दिसत नाही.

मूळ परंपरेत लग्नाचा चौक सुवासिनी कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने 'लिहितात'. मध्यभागी पालघट देवी असते. तिच्यावाचून लग्न लागत नाही. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून हे चित्र कागदावर आले आणि जिव्या सोमा म्हसे यांच्या हाती ते व्यक्तिगत कलाविष्कार बनले. (या स्थित्यंतरात सुवासिनी मागे पडल्या, याची चर्चा अभावानेच होते.) उड्डाणपुलाखाली ते पोहोचते तेव्हा बहुधा तारप्याच्या नाचाचे वर्तुळ तेवढे शिल्लक राहते. सुशोभीकरण म्हणून हे चालेल. त्यास सार्वजनिक कला म्हणणे कठीण आहे.

पिठाचे चित्र पुसट होते आणि पुढील लग्नात नव्याने लिहिले जाते. नगराच्या आराखड्यात तरतूद असते ती एकदाच्या रंगकामाची. भिंत ठरावीक काळाने पुन्हा लिहिण्याची, आणि त्यासाठी वारली पाड्यांवरील स्त्रियांना मानधनासह पाचारण करण्याची तरतूद त्यात प्रथम व्हावयास हवी.