‘नुसती’ मैत्री

शहापुराहून किन्हवली-सरळगांवच्या वाटेनें मुरबाडास जाणाऱ्या एस. टी. च्या गाडींत गेल्या पावसाळ्यांत आमच्या पुढील बाकावर कॉलेजांतील दोन मुली बसल्या होत्या. मोबाइल एकीच्या हातांत, आणि इअरफोनचें एक टोंक एकीच्या कानांत तर दुसरें दुसरीच्या. लहानशा पडद्यावर एक जपानी चित्रपट चालला होता. तो संपला तेव्हां एकीनें विचारलें, “मग त्या दोघी एकमेकींच्या कोण?” दुसरी खिडकीबाहेरच्या, आवणी चाललेल्या खाचरांकडे पाहत राहिली. तिच्याऐवजीं उत्तर दिलें तें पलीकडे बसलेल्या व इतका वेळ मान वळवून चित्रें पाहणाऱ्या एका वयस्क बाईंनीं. “मैत्रिणी ग, दुसरं काय? नुसत्या मैत्रिणी!”

त्या ‘नुसत्या’ शब्दानें आमचा पिच्छा सोडला नाहीं. मैत्रीस ‘नुसती’ म्हणणें हा निरागस उद्गार आहे, कीं न मागितलेला निकाल? प्रश्न कलेचा आहे, तसाच घरांतलाहि आहे. म्हणून त्याचा विचार येथें थोडा विस्तारानें करावा असें आम्हांस वाटतें.

चित्रपटाचें नांव आम्हीं त्या मुलींना विचारून घेतलें व पुढें घरच्या मंडळींसह तो पाहिला. नाओको यामादा या दिग्दर्शिकेचा, क्योतो ॲनिमेशन या संस्थेनें २०१८ सालीं काढलेला ‘लिझ अँड द ब्लू बर्ड’ हा तो चित्रपट. रेखाटलेल्या चित्रांना हालचाल देऊन केलेल्या अशा बोलपटांस ‘ॲनिमे’ म्हणतात. आपल्याकडे तो मुलांचा खेळ समजला जातो. पण हा मुलांचा खेळ नव्हे. शाळेच्या वाद्यवृंदांत मिझोरे ही सनईच्या कुळांतील ओबो हें वाद्य वाजविते, आणि नोझोमी फ्लूट. मिझोरे अबोल, तिचें सारें जग म्हणजे नोझोमी. आरंभींच ती शाळेच्या पायऱ्यांवर नोझोमीची वाट पाहत बसलेली दिसते, आणि ती येतांच तिच्या मागोमाग चालूं लागते. बोलणें जवळ जवळ नाहीं; ऐकूं येतात तीं दोघींचीं पावलें. शेवटीं मिझोरे आपलें मन उघडें करते. नोझोमीचें हंसणें, चालणें, सर्व कांहीं आपणांस प्रिय आहे असें सांगते. त्यावर नोझोमी म्हणते कीं, मला तुझें ओबोवादन आवडतें.

या एका उत्तरांत सारा चित्रपट आहे. देऊं केलें होतें सर्वस्व. परत मिळाली दाद. नोझोमीस तें समजलें नाहीं, कीं समजून तिनें बाजूस सारलें, हें दिग्दर्शिका सांगत नाहीं. कारण तें नोझोमीसहि पुरतें ठाऊक नसावें. पात्रास जें ठाऊक नाहीं तें प्रेक्षकास सांगून टाकणें हा पात्राशीं केलेला द्रोह होय. म्हणून येथील संदिग्धता आम्ही दोष मानीत नाहीं. तीच या कृतीची सचोटी आहे.

पण प्रत्येक संदिग्धता अशी सचोटीची नसते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत जपानांत गाजलेल्या ‘सेलर मून’ या मालिकेंत हारुका व मिचिरु या दोन तरुणींचें परस्परांवरील प्रेम पाहणारास सहज कळावें असें रंगविलें आहे. २००० सालीं इंग्रजी संवाद घालून ती अमेरिकेंत दाखविली गेली, तेव्हां त्या दोघींस चुलत बहिणी करून टाकण्यांत आलें! संवाद बदलले, चित्रें बहुतेक तींच राहिलीं; आणि बहिणी बहिणींस न शोभणाऱ्या दृष्टीनें एकमेकींकडे पाहूं लागल्या. झांकावयास गेलें तेंच अधिक उघडें पडलें. ही संदिग्धता पात्रांच्या मनांतून नव्हे, तर विक्रेत्याच्या भीतींतून जन्मली.

तिसरा प्रकार या दोहोंहून जुना. योशिया नोबुको या लेखिकेनें १९१६ पासून मुलींच्या मासिकांतून लिहिलेल्या ‘हाना मोनोगातारी’, म्हणजे फुलांच्या कथा, जपानांत अतिशय लोकप्रिय झाल्या. त्यांत शाळकरी मुलींचें उत्कट सख्य आहे. अशा सख्यास समाजानें चालवून घेतलें, परंतु एका अटीवर: शाळा संपली, विवाह ठरला, कीं तें संपावें. ‘नुसती मैत्री’ ही तेथें मुदतीची परवानगी होती.

मराठींत हा विषय कोणी हाताळलाच नाहीं असें नाहीं. विजय तेंडुलकरांचें ‘मित्राची गोष्ट’ हें नाटक १९८१ सालीं रंगभूमीवर आलें. दिग्दर्शन विनय आपटे यांचें, आणि नायिकेच्या भूमिकेंत रोहिणी हट्टंगडी. नायिकेचें नांव सुमित्रा. पण सारे तिला ‘मित्रा’ म्हणतात. शीर्षकच पाहा: ही गोष्ट मित्रा नांवाच्या मुलीची, कीं ‘मित्र’ या पुल्लिंगी शब्दाची? मराठी विभक्तीनें दोन्ही अर्थ एकाच रूपांत सामावले, आणि नाटककारानें ती सोय अचूक हेरली. कॉलेजच्या नाटकांत पुरुषाची भूमिका करतांना मित्राला, नायिका झालेल्या नमाविषयींची आपली ओढ उमगते. ज्या रंगभूमीवर बालगंधर्व शालू नेसून उभे राहिले कीं घरोघरच्या स्त्रिया त्यांच्या नेसण्याचें अनुकरण करीत, त्याच रंगभूमीवर एका मुलीनें पुरुषवेष घेतला, आणि वेष उतरल्यावरहि भावना उतरली नाहीं, तेव्हां मात्र गोष्ट आत्मनाशापर्यंत गेली.

तेंडुलकरांनीं आडपडदा ठेविला नाहीं, हें त्यांचें धैर्य. तरीहि आम्हांस एक उणीव जाणवते. मित्राची गोष्ट आपणांस सांगतो तो बापू हा तिचा स्नेही. आणि नमा तर बहुतांशीं इतरांच्या ओढाताणींतच दिसते. मित्राविषयीं तिला प्रेम होतें, भीति होती, कीं दोन्ही? यामादांनीं नोझोमीचें मौनहि कान देऊन ऐकण्याजोगें केलें. नमाच्या मौनास तसा अवसर मिळाला नाहीं.

आणि आमच्या या भागांत? शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत गिरण्या येण्यापूर्वीं पहाटेच्या अंधारांत दोघी जणी जात्याशीं समोरासमोर बसत. एकाच खुंट्यास दोघींचे हात. एकीनें ओंवी म्हणावी, दुसरीनें उचलावी. मराठी ओंव्यांत आई, भाऊ व विठोबा यांच्याप्रमाणें जिवाची मैत्रीणहि आहे. सासुरवाशिणीस घरांत कोणापाशीं बोलतां येत नसे तें तेथें बोललें जाई. अशा प्रत्येक मैत्रिणींत मित्रा पाहणें हा अरसिकपणा होईल, आणि त्या बायांवर अन्यायहि. पण त्यांत एकहि मित्रा नव्हती, असें तरी कोणत्या आधारावर म्हणावें? ओंवीनें त्या नात्यास नांव दिलें नाहीं. टीकाकारानेंहि नांव देण्याची घाई करूं नये, आणि नाकारण्याचीहि.

आमचें म्हणणें एवढेंच, कीं ‘त्या प्रेयसी आहेत’ हा जसा निकाल, तसाच ‘त्या नुसत्या मैत्रिणी आहेत’ हाहि निकालच. पहिल्यास पुरावा मागतात. दुसऱ्यास कोणी मागत नाहीं. ‘लिझ’ ज्या वर्षीं निघाला त्याच वर्षीं, ६ सप्टेंबर २०१८ रोजीं, आपल्या सर्वोच्च न्यायालयानें प्रौढांच्या परस्परसंमत समलिंगी संबंधांस गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढलें. घरांतला निकाल मात्र अजून एका विशेषणानें दिला जातो, आणि तो ऐकणारी मुलगी तोच प्रश्न पुन्हां विचारीत नाहीं.

सरळगांवास त्या दोघी उतरल्या. जी खिडकीबाहेर पाहत होती ती त्या बाईंच्या उत्तरानंतर वाटभर कांहीं बोलली नव्हती. तिच्या मनांत काय होतें हें विचारण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. परंतु चांगल्या कलाकृतीनें जें मोकळें ठेविलें आहे तें वडीलधाऱ्यांनीं बंद करूं नये. आपल्या घरीं तसाच प्रश्न निघाला, तर वाचकांनीं ‘नुसत्या’ हा एक शब्द तेवढा गाळावा, आणि उलट विचारावें, “तुला काय वाटलं?”