नीतिविचार आणि ललितकृती

सत्य बोलावे, हे आपल्याकडे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. परंतु सत्य सर्व प्रसंगी बोलावे काय, या प्रश्नाला उत्तर देताना मोठमोठ्या विचारवंतांनाही थांबावे लागले आहे. आधुनिक मराठी साहित्याने हा प्रश्न निरनिराळ्या काळी निरनिराळ्या रीतींनी मांडला. त्यांतील तीन मांडण्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर आपला नीतिविचार कोठून कोठे आला आणि त्यात ललितकृतीचा वाटा कोणता, हे काही अंशी स्पष्ट होईल असे आम्हांस वाटते.

पहिली मांडणी लोकमान्यांची. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेले 'गीतारहस्य' हे मुख्यतः कर्मयोगाचे विवेचन आहे, हे खरे. पण त्यातील 'कर्मजिज्ञासा' हे प्रकरण स्वतंत्रपणे वाचावे अशा योग्यतेचे आहे. अहिंसा, सत्य, अस्तेय या सर्वमान्य धर्मांचे परस्परांशी विरोध कसे उत्पन्न होतात, हे टिळक तेथे महाभारतातील उदाहरणांनी दाखवितात. लपून बसलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांना खरा सांगणारा कौशिक सत्य बोलूनही नरकात जातो. उलट द्रोणवधाच्या वेळी अर्धसत्य बोलणाऱ्या युधिष्ठिराचा रथ, आजवर भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा, जमिनीला टेकतो. नियम अपुरे पडतात तेव्हा कर्त्याची बुद्धी शुद्ध व सम आहे की नाही, हे पाहावे, असा टिळकांचा निष्कर्ष आहे. तो भक्कम आहे. परंतु त्यातील निर्णय करणारा मनुष्य समर्थ आहे. त्याच्या एका शब्दावर दुसऱ्याचे प्राण अवलंबून असतात, स्वतःचे नव्हेत.

दुसरी मांडणी वामन मल्हार जोशी यांची. वामनरावांचे नाव काढताच आम्हां गोमंतकीय वाचकांना १९३० सालचे मडगावचे साहित्यसंमेलन आठवते, कारण त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. 'नीतिशास्त्रप्रवेश' लिहिणारा हा तत्त्वज्ञ कादंबरीकडे वळला तो चर्चेला माणसांचे मुख मिळावे म्हणून. 'रागिणी'पासून 'इंदु काळे व सरला भोळे' या पत्ररूप कादंबरीपर्यंत त्यांची पात्रे वाद घालतात, दुसऱ्याचे ऐकून घेतात आणि पुष्कळदा निर्णय न देताच थांबतात. या दोन्ही बाजू मांडण्याच्या सवयीला टीकाकारांनी अनिश्चितपणा म्हटले आहे. आम्हांस हा आक्षेप मान्य नाही. विचारात संशयी असलेला मनुष्य आचारात डळमळीत असतोच असे नाही. कोल्हापूरच्या 'विश्ववृत्ता'चे संपादक असताना पंडित सातवळेकरांचा 'वैदिक प्रार्थनांची तेजस्विता' हा लेख छापल्याबद्दल १९०८ साली वामनरावांना कारावासाची शिक्षा झाली. आणि सुटून आल्यावर काही काळाने त्यांनी महर्षी कर्व्यांच्या स्त्रीशिक्षणकार्याला उर्वरित आयुष्य वाहिले. दुसऱ्याची बाजू पूर्ण ऐकल्यावाचून निवाडा करू नये, हा त्यांच्या लेखनातील संयम म्हणजे स्वतंत्र नीतीच होय. घाईने निवाडे देणाऱ्या आजच्या काळात तिचे मोल उलट वाढले आहे.

परंतु वामनरावांची मर्यादाही याच ठिकाणी आहे. त्यांच्या पात्रांना विचार करण्यास सवड आहे. एक खरे वाक्य बोलल्याने त्यांची अब्रू जाईल, संसारात वितुष्ट येईल; पण डोक्यावरचे छप्पर सहसा जाणार नाही. १९३० सालीच 'सुशीलेचा देव' प्रसिद्ध झाली. बाळपणीच्या भाबड्या देवकल्पनेपासून नायिका अधिकाधिक प्रौढ कल्पनेकडे कशी जाते, याचा हा मनोज्ञ इतिहास आहे. त्याच वर्षी २ मार्चला नाशिकास काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. देव कसा आहे, हा सुशीलेचा प्रश्न. देवाच्या दारात कोणाला अडवितात, हा नाशिकच्या सत्याग्रहींचा. वामनराव सुधारक होते, सहृदय होते. म्हणून त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण दुसरा प्रश्न त्या काळच्या तात्त्विक कादंबरीच्या चर्चेत मध्यभागी येऊ शकला नाही, हे नमूद केलेच पाहिजे.

तो मध्यभागी आला १९६३ साली, बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहाने. शीर्षककथेतील तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेजवळच्या उधन्याला येतो, आपली जात झाकून राहतो, कवी म्हणून मान मिळवितो आणि जात उघडकीस येताच मार खातो. असत्य कोणत्या प्रसंगी क्षम्य ठरते, ही ग्रंथांतली चर्चा येथे एकदम उलटी होते. येथे पेचात सापडलेला माणूस समर्थ नाही. सत्याची पुरी किंमत त्यालाच द्यावयाची आहे. 'चोरली' हे क्रियापद तर फारच अर्थपूर्ण आहे. जात त्याची स्वतःची असेल, तर स्वतःच्या वस्तूची चोरी कशी होईल? चोरी झाली असे वाटते ते मार देणाऱ्यांना. म्हणजे आरोपाचा शब्द त्यांचा आहे आणि तो निवेदकाने आपल्या तोंडी घेतला आहे. याच कथेत आपली ओळख न लपविणारा काशिनाथही आहे. पण त्याचे सत्य टिकते ते हातघाईला तयार असलेल्या त्याच्या मनगटावर. सत्याला मनगटाचा आधार लागावा, हा दोष त्या माणसाचा की त्याच्या भोवतालच्यांचा, हे वाचकाने ठरवावयाचे आहे.

यावर कोणी म्हणेल की, अशाने प्रत्येकाचे सत्य वेगळे होईल आणि नीती म्हणून काही उरणार नाही. ही भीती आम्हांस अनाठायी वाटते. बागुलांची कथा खोटे बोलण्याचे समर्थन करीत नाही. ज्या समाजाने खरे बोलणे अशक्य करून ठेवले, त्या समाजाला सत्याचा उपदेश करण्याचा अधिकार कितपत आहे, एवढेच ती विचारते. भाड्याने खोली देताना किंवा कामावर घेताना आडनावाची चौकशी आजही होते. अशा वेळी नीतीचा प्रश्न उत्तर देणाऱ्यापुरता नसतो. तो विचारणाऱ्याचाही असतो.

तात्पर्य, टिळकांनी नियमांचा विरोध दाखविला, वामनरावांनी दुसऱ्याचे ऐकण्यास शिकविले आणि बागुलांनी प्रश्नाचा रोख बदलला. तिसरी पायरी पहिल्या दोहोंना खोटे ठरवीत नाही. त्यांच्यावाचून ती चढताही आली नसती. ऐकून घेण्याची जी शिस्त वामनरावांनी घालून दिली, तीच पुढे नेली तर 'आजवर कोणाचे ऐकलेच नाही?' या प्रश्नापाशी आपण येतो. ललितकृतीची नैतिक योग्यता तिच्यातील सुभाषितांवर ठरवू नये. सद्गुणाची किंमत कोण मोजतो आहे, हे तिने ओळखले की नाही, यावर ती ठरवावी, असे आमचे मत आहे.