नजरेची वाट

२०२४च्या सुरुवातीला ‘फायनल फँटसी ७ रिबर्थ’ या व्हिडिओ गेमचा डेमो आला आणि एका कड्यावरून वाद पेटला. जिथून चढायचं तिथल्या दगडांना पिवळा रंग फासला होता. आदल्या वर्षीच्या नव्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’मध्येही फोडायच्या पेट्यांवर तोच रंग. पुष्कळांना तो खेळणाऱ्याच्या बुद्धीचा अपमान वाटला. मला त्यात कलादिग्दर्शनाची हार दिसते. दृश्यं आता इतकी हुबेहूब झाली आहेत की चढायचा दगड आणि नुसता दगड यांतला फरकच कळत नाही; मग शेवटी कुणीतरी रंगाचा डबा घेऊन येतो.

सिनेमात काय बघायचं ते कॅमेरा ठरवतो. बहुतेक मोठ्या गेममध्ये तो खेळणाऱ्याच्या हातात असतो आणि कुठेही वळतो. तरी योग्य वेळी योग्य ते दिसायला हवं. आर्ट डायरेक्टरची कसोटी इथे लागते; सुंदर चित्रं काढणारे स्टुडिओत इतरही असतात.

‘मिरर्स एज’नेही (२००८) वाट रंगानेच दाखवली. पण आधी जवळजवळ अख्खं शहर पांढरंशुभ्र केलं आणि मग धावायच्या वाटेवरचे पाइप, फळ्या, दारं लाल. तो लाल उपरा वाटत नाही, कारण बाकी सगळं त्याच्यासाठी आवरतं घेतलेलं आहे.

‘टीम फोर्ट्रेस २’ आधी वास्तववादी युद्धाचा गेम म्हणून जाहीर झाला होता. २००७मध्ये तो आला तो लायेंडेकरसारख्या जुन्या अमेरिकी जाहिरात-चित्रकारांच्या वळणाने. त्यातली नऊ पात्रं नुसत्या बाह्याकृतीवरून ओळखू येतात. पायांशी गडद असलेला रंग छातीकडे उजळत जातो, त्यामुळे नजर आपोआप शस्त्रावर जाते. समोर कोण, कुठल्या संघाचा, हातात काय, हे पळता पळता कळतं. माझ्या मते या कलेतलं इतकं काटेकोर काम क्वचितच झालं असेल.

‘हाफ-लाइफ २’चे (२००४) कलादिग्दर्शक व्हिक्टर अँटोनोव्ह यांची ताकद वेगळी. बल्गेरियातल्या सोफियाचा हा माणूस २०२५मध्ये गेला. त्यांच्या ‘सिटी १७’मध्ये जुन्या पूर्व युरोपीय घरांच्या डोक्यावर परक्या सत्तेचा प्रचंड धातूचा मनोरा उभा आहे. शहर कुणाचं होतं आणि आता कुणाच्या ताब्यात आहे, हे संवादाआधीच समजतं; कुठे पोचायचं तेही.

आपल्याकडे बंगळुरूचं ध्रुव, गुरुग्रामचं लक्ष्य अशा स्टुडिओंनी परदेशी गेमसाठी वर्षानुवर्षं चित्रकाम केलं. हात इथले, शैलीचा निर्णय तिकडचा. म्हणून पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची ‘राजी’ (२०२०) महत्त्वाची. पहाडी चित्रांची रंगसंगती, राजस्थानी वास्तूंचे आकार, कथेसाठी छाया-बाहुल्या, हे सगळं इथेच ठरलं. कॅमेरा मात्र खेळणाऱ्याला दिलेला नाही. त्याने चौकट देखणी राहते, पण दूरच्या कोनातून नायिका राजी नक्षीकामात हरवते. आता इथल्या कलादिग्दर्शकांनी तो कॅमेरा खेळणाऱ्याच्या हाती द्यावा आणि तरीही चौकट सांभाळून दाखवावी.