दोन वेताळ आणि त्यांचे वाचक

भूत आणि गुन्हा ह्या दोहोंची सांगड घालणारी चित्रकथा घरात आली की मंडळींचे तीन पक्ष पडतात, हा अनुभव साताऱ्या-सांगलीकडील सुशिक्षित कुटुंबांस अपरिचित नाही. वडीलधारी मंडळी म्हणतात, चौकटींत चित्रे मांडून सांगितलेली गोष्ट हे वाङ्मयच नव्हे. तीत आणखी भूत असले म्हणजे अभिरुचीबरोबर बुद्धीचाही नाश होतो. तरुणांचे म्हणणे असे की, घटकाभर करमणूक करणारी वस्तू तत्त्वज्ञानाच्या तराजूत घालणे हाच मुळी अरसिकपणा. तिसरा पक्ष समाजसुधारकांचा. ज्या देशात चेटकाच्या आळावरून माणसांचे जीव गेले आहेत, तेथे भुताची गोष्ट कितीही सुरस असली तरी ती विषाची पुडीच होय, असे तो म्हणतो. ह्या तिन्ही मतांत काही ना काही तथ्य आहे. परंतु तिघांनीही एक प्रश्न विचारावयाचा सोडून दिला आहे, असे आम्हांस वाटते. अशा कथेत अपराधाचे माप शेवटी कोणाच्या पदरात पडते? भुताच्या, की माणसाच्या?

ह्या कसोटीसाठी आम्ही मराठी वाचकांनी आवडीने वाचलेले दोन वेताळ घेतो. पहिला 'चांदोबा'तला. मद्रासेस निघणाऱ्या 'चंदामामा' मासिकाची मराठी आवृत्ती ह्या नावाने 1952 साली सुरू झाली आणि तिच्याबरोबर विक्रम-वेताळाच्या कथा घरोघर गेल्या. ह्या कथा चौकटींच्या नव्हेत हे खरे, पण के. सी. शिवशंकरन ऊर्फ 'शंकर' ह्यांनी काढलेले, हाती तलवार व खांद्यावर प्रेत घेतलेल्या राजाचे चित्र वगळून त्या कोणास आठवत असतील असे वाटत नाही. दुसरा वेताळ परदेशी. अमेरिकेत ली फॉक ह्यांनी 1936 साली वृत्तपत्रातील चित्रमालिकेतून निर्माण केलेला 'फँटम' 1964 साली निघालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून भारतात पसरला आणि मराठीत त्याचे बारसे 'वेताळ' ह्याच नावाने झाले. इंद्रजाल 1990 मध्ये बंद पडले, चांदोबाही आता निघत नाही. तथापि दोघांचे जुने अंक जिवापाड जपणारे वाचक आहेत आणि त्या अंकांवरून होणारे वाद अद्याप संपलेले नाहीत.

प्रथम वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाचा विचार करू. चित्रांतून गोष्ट सांगणे हा पोरखेळ आहे, असे निदान सातारा जिल्ह्यातील वाचकाने तरी म्हणू नये. ह्याच जिल्ह्यातील औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. त्यांनी 1916 साली 'चित्ररामायण' प्रसिद्ध केले आणि रामकथा एकामागून एक येणाऱ्या चित्रांतून वाचकांपुढे मांडली. कोकणात पिंगुळीचे चित्रकथी पोथीतील एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरून पुराणे सांगत आले आहेत. सांगलीची गोष्ट तर सर्वविश्रुतच आहे. 1843 साली विष्णुदास भावे ह्यांनी श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने तेथे 'सीतास्वयंवर' नाटक केले, आणि त्या परंपरेतील नाटकांत आरोळ्या ठोकीत येणाऱ्या राक्षसांनी आपल्या पणज्या-पणजोबांची पुरेशी गाळण उडविली. देखाव्यातून गोष्ट आणि गोष्टीतून भय, ही रीत आपल्याकडे परक्यांनी आणलेली नाही. मात्र पूर्वज थोर असल्याने वंशज आपोआप थोर ठरत नाही. चित्रकथेला वाङ्मयाच्या पंक्तीत पान मांडले, आता तेथे बसण्याची तिची योग्यता तपासली पाहिजे.

ह्याच ठिकाणी तरुण मंडळींशी आमचा मतभेद होतो. केवळ करमणूक म्हणून सोडून देता येतील अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पण जिच्यात गुन्हा आहे ती गोष्ट त्यांपैकी नव्हे. गुन्हा आला की अपराधी आला, अपराधी आला की निवाडा आला. पुस्तक मिटल्यावर वाचक पात्रांची नावे विसरतो, निवाड्याची रीत मात्र त्याच्या अंगवळणी पडते. कोणावर संशय घ्यावा, कोणाचा शब्द प्रमाण मानावा, पुरावा किती झाला म्हणजे पुरे, हे सर्व तो नकळत शिकत असतो.

आता आपला जुना वेताळ काय शिकवितो ते पाहा. सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागरा'त ह्या पंचवीस कथा गुंफल्या, त्यांची बाहेरची चौकटच एका गुन्ह्याची आहे. एक भिक्षू राजाला रोज एक फळ देतो. फळांत रत्ने निघतात. राजा मोहरतो आणि भिक्षूच्या साधनेसाठी स्मशानातून प्रेत आणण्याचे कबूल करतो. भिक्षूचा खरा बेत राजाचाच बळी देऊन सिद्धी मिळविण्याचा आहे. हे कारस्थान राजाला कळते ते कोणाकडून? प्रेतात शिरलेल्या वेताळाकडून! म्हणजे ह्या कथेत भूत हा साक्षीदार आहे आणि गुन्हेगार आहे तो विरागी वेषातील जिवंत माणूस. ज्याचे आपण भय धरले तो सावध करतो आणि ज्याच्या पायांवर डोके ठेवले तो गळा कापावयास निघतो.

पहिल्याच कथेचा विषय तर आज वाचताना अंगावर काटा आणतो. राजपुत्र वज्रमुकुट ह्याला पद्मावतीवर प्रेम जडले आहे. तिला तिच्या गावातून बाहेर काढण्यासाठी त्याचा मित्र, प्रधानपुत्र, एक कपट रचतो. राजपुत्राकडून तिच्या अंगावर त्रिशूळासारखी खूण करविली जाते, आणि तो स्वतः तापसाचे सोंग घेऊन तेथील राजा कर्णोत्पल ह्यास कळवितो की, राजाचे मूल खाणारी चेटकीण हीच, खूण पाहावी. राजा खूण पाहतो आणि मुलीस नगराबाहेर रानात घालवून देतो. ती श्वापदांच्या भक्ष्यस्थानी पडली असे समजून तिचा बाप शोकाने मरतो आणि त्याच्यामागून आईही जाते. वेताळ विचारतो, ह्या दोन मृत्यूंचे पाप कोणाचे? विक्रमाचे उत्तर ऐकून आजचा वाचकही थबकेल. प्रधानपुत्राने आपल्या धन्याचे काम केले, प्रेमिकांना प्रेमाने आंधळे केले होते. पाप कर्णोत्पल राजाचे, कारण राज्यात काय चालले आहे ह्याचा त्याने शोध केला नाही. खूण आहे की नाही एवढेच त्याने पाहिले. ती केली कोणी, हे विचारले नाही.

प्रधानपुत्राला इतक्या स्वस्तात सोडणारा हा निवाडा सर्वांना पटेल असे नाही. आम्हांसही तो सर्वस्वी पटत नाही. परंतु त्याचे बळ ओळखले पाहिजे. चेटकाचा आळ खरा मानणाऱ्या सत्तेला ही कथा आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते. आणखी एका कथेत घारीने धरलेल्या सापाच्या तोंडातून विष अन्नात गळते, ते खाऊन एक ब्राह्मण मरतो आणि अन्न देणाऱ्या गृहिणीला तिचा नवरा घराबाहेर काढतो. विक्रम म्हणतो, ह्यांत अपराधी कोणीच नाही. जो विचार न करता कोणावर आळ घेईल तोच ह्या पापाचा धनी. ह्या कथांना भोळेपणाचे वाङ्मय म्हणून हिणविणाऱ्यांनी त्या पुन्हा एकवार वाचाव्यात.

वेताळाची ती प्रसिद्ध अटही लक्षात घेण्याजोगी आहे. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. बोलला तर मौन मोडून प्रेत पुन्हा झाडावर जाईल आणि सारी पायपीट नव्याने करावी लागेल. सत्य बोलण्याची किंमत मोठी, पण जाणत्याने मूग गिळून बसण्याची त्याहून मोठी, हा व्यवहार इतक्या थोडक्यात सांगणारी दुसरी युक्ती आम्हांस ठाऊक नाही. चांदोबाचा दोष सांगावयाचा तर हाच की, मूळच्या पंचवीस कथा थोड्या पडल्यावर त्याच साच्यात नव्या कथा ओतल्या गेल्या, आणि आमच्या मते त्यांतील पुष्कळ कथांत अपराधाच्या प्रश्नाची जागा चातुर्याच्या कोड्याने घेतली. साचा राहिला, धार बोथटली.

आता दुसऱ्या वेताळाकडे वळू. ह्या कथेत भूत मुळी नाहीच. चारशे वर्षांपूर्वी चाच्यांनी बापाला मारलेला एक गोरा तरुण त्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून दुष्टांच्या नाशाची शपथ घेतो. पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुलगा बापाचाच वेष चढवितो आणि अरण्यातील लोक समजतात की हा एकच अमर पुरुष आहे. आजचा एकविसावा. ह्या कल्पनेचे मर्म असे की, वाचकाला गुपित पहिल्यापासून ठाऊक असते. भुताटकी कशी उभी करतात, अफवा कशी पोसतात, भयाचा व्यापार कसा चालतो, हे सर्व त्याच्यासमोर उघडे करून दाखविले जाते. ज्या मुलाने हा वेताळ लक्षपूर्वक वाचला, त्याला एखाद्या बुवाच्या चमत्कारामागे दोरी कोठे असेल हे शोधण्याची खोड लागली तर नवल नाही. हा ह्या चित्रकथेचा गुण आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

परंतु निवाड्याच्या कसोटीवर हा वेताळ उणा पडतो. तो फिर्याद ऐकत नाही, साक्ष घेत नाही. ठोसा मारतो आणि त्याच्या अंगठीतील कवटीची खूण दुष्टाच्या जबड्यावर जन्माची उमटते. वाचकाला अपराधी आधीच ठाऊक असतो म्हणून हे खपून जाते. पण कर्णोत्पल राजालाही तसेच वाटले होते! खूण दिसली की अपराधी ठरला, हे ज्या गोष्टीत पाप म्हणून सांगितले तिचा वेताळ आणि खूण करणे हेच ज्याचे ब्रीद तो वेताळ, ह्या दोघांना मराठीने एकच नाव द्यावे ह्याला काय म्हणावे? शिवाय ह्या न्यायासाठी अरण्यातील सर्व माणसे अज्ञानात राहणे अवश्य ठरते. त्यांचा समज दूर झाला तर वेताळाचे राज्यच संपेल. मूळ कथेतील प्रदेशाचे बंगालसारखे ऐकू येणारे नाव बदलून भारतीय आवृत्तीत ते 'डेंकाली' करण्याची दक्षता घेण्यात आली. पण भोळ्या काळ्या प्रजेवर वंशपरंपरेने पहारा करणारा गोरा रक्षक, ह्या कल्पनेला मात्र हात लागला नाही. ती कल्पना ज्यांच्यावर उगारली गेली होती त्यांच्याच मुलांनी ती आवडीने वाचली, ह्याचा विचार मोठेपणी तरी व्हावयास हवा.

राहिला समाजसुधारकांचा पक्ष. त्यांचे म्हणणे आम्ही सर्वांत गंभीरपणे घेतो आणि त्याला कारण आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर हे साताऱ्याचे. त्यांचे शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात व मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात झाले. 1989 मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले त्याचा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला व डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. ह्या दोन जिल्ह्यांतील वाचकाने भुताच्या गोष्टीकडे पाहताना हा इतिहास विसरून चालणार नाही.

परंतु तो कायदा काय सांगतो हेही पाहावे. त्यात नरबळीला शिक्षा आहे, करणी-चेटकाचा आळ घेऊन कोणास छळण्याला शिक्षा आहे. हरिकथा, कीर्तन व जुन्या कला-विद्या ह्यांना त्याने बाधा आणलेली नाही. म्हणजे कायद्याने हात धरला आहे तो भिक्षूचा आणि खोट्या तापसाचा, वेताळाचा नव्हे. वेताळपंचविशीतील बाहेरची चौकट आणि पहिली कथा ह्यांत नेमके हेच दोन गुन्हे आहेत, आणि दोन्ही ठिकाणी दोष जिवंत माणसांकडे बोट दाखवून सांगितला आहे. भुताची गोष्ट अंधश्रद्धेची मैत्रीण असते तशीच तिची फिर्यादीही असू शकते. ज्या कथेत कुटुंबाचा नाश, मुलाचा मृत्यू, बाईचे वेड हे सर्व 'बाहेरचे काही' होते म्हणून मिटविले जाते, ती कथा आम्ही बिनदिक्कत वाईट म्हणू, मग तिची चित्रे कितीही सुबक असोत. जिच्यात दिवा घेऊन भुतापाशी गेल्यावर तेथे माणूस सापडतो, तिला घरात येऊ द्यावे.

वडीलधाऱ्यांस आमची एवढीच सूचना आहे. मुलाच्या हातून अंक हिसकावून घेण्याऐवजी त्याच्याजवळ बसावे, आणि वेताळाने प्रश्न टाकला की उत्तराच्या ओळीवर तळहात ठेवून विचारावे, 'तू विक्रम असतास तर अपराधी कोणाला ठरविले असतेस?' मुलाचे उत्तर विक्रमाहून निराळे निघाले तर रागावू नये, कारण विचारावे. परदेशी वेताळाने ठोसा मारला की तेथेही थांबून विचारावे, ह्याच्याविरुद्ध पुरावा काय होता? पुष्कळ वेळा पुरावा नसतोच, हे मुलाच्याच प्रथम ध्यानी येईल. आणि त्या वेळी घरातील मोठ्या माणसांनीही, एखाद्याच्या जबड्यावर उमटलेली खूण पाहून आपण कितीदा समाधान मानले, हे मनाशी आठवून पाहण्यास हरकत नाही.