दाढी असेल किंवा नसेल

खुनाच्या जागी पोलीस जमले आहेत, कॅमेरे सज्ज आहेत. अशा वेळी भुवया उडवत एक गृहस्थ अवतरतात, हातवारे करतात आणि सांगतात : खुनी गोरा पुरुष आहे, वय १७ ते ३४, दाढी असेल किंवा नसेल, अंगावर कदाचित गोंदण असेल. पोलीस खूश!

हे गृहस्थ म्हणजे 'स्टुपेंडस याप्पी', दूरचित्रवाणीवर नाव कमावलेला मनकवडा. 'द एक्स-फाइल्स' या अमेरिकन विज्ञानकथा-मालिकेच्या 'क्लाइड ब्रकमन्स फायनल रिपोझ' या भागात (१९९५) तो भेटतो. लेखक डॅरिन मॉर्गन आणि ब्रकमनचे काम करणारे पीटर बॉइल या दोघांनाही या भागासाठी १९९६ साली एमी पारितोषिक मिळाले. भाग उत्तम आहेच. पण त्यातून विद्यार्थी काय शिकेल, हे शिक्षकाने तपासून पाहण्यासारखे आहे.

आधी जमेची बाजू. याप्पीच्या वाक्यांची परीक्षा घेऊ या. 'दाढी असेल किंवा नसेल' हे विधान जगातल्या प्रत्येक पुरुषाला लागू पडते. ते कधीच चुकत नाही, म्हणूनच ते काहीच सांगत नाही. 'कदाचित गोंदण असेल' याचीही तीच गत. उरले वय. तिथेही सतरा वर्षांची ऐसपैस जागा ठेवली आहे. खुनी सापडल्यावर लोक जुळणारे तेवढे आठवतात, न जुळणारे विसरतात. गंमत म्हणजे ही पोकळी दाखवून देतो तो मल्डर, अतींद्रिय शक्तींवर विश्वास ठेवणारा नायक. त्यावर याप्पीचे उत्तर ठरलेले : इथे कोणाची तरी नकारात्मक ऊर्जा आड येते आहे, त्याला बाहेर काढा! प्रयोग फसला तर दोष शंका घेणाऱ्याचा. ही पळवाट आपल्यालाही अनोळखी नाही.

अशी वाक्ये माणसाला पटतात का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे 'स्वभाववर्णन' लिहून दिले. वर्णन कितपत जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी चाराहून अधिक गुण दिले. मग त्यांना कळले की सर्वांना दिलेला मजकूर अक्षरशः एकच होता, आणि त्यातला बराचसा भाग ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता.

आता उणी बाजू. याप्पीच्या समोर लेखकाने उभा केला आहे क्लाइड ब्रकमन. हा साधा, उदास, आयुर्विम्याची विक्री करणारा माणूस. कोण कसे मरणार हे त्याला खरोखरच दिसते. त्याला प्रसिद्धी नको, पैसा नको, ही शक्तीसुद्धा नको. म्हणजे कथा प्रेक्षकाच्या हाती एक कसोटी देते : जो मिरवतो तो खोटा, जो संकोचतो तो खरा. माझा आक्षेप नेमका इथे आहे. ब्रकमन बरोबर ठरतो, कारण कथेचा शेवट लेखकाने आधीच ठरवला आहे. प्रत्यक्षात असा लेखक नसतो. आणि आपल्याकडे तर 'ते एक पैसाही घेत नाहीत हो, अगदी साधे आहेत' हेच वाक्य सर्वांत मोठा पुरावा म्हणून पुढे केले जाते. याप्पीला हसणारा विद्यार्थी अशा साध्या माणसापुढे सहज हात जोडेल. प्रामाणिक माणूसही चुकू शकतो, स्वतःची फसवणूक करून घेऊ शकतो. म्हणून परीक्षा माणसाच्या वागण्याची घ्यायची नाही, त्याच्या विधानाची घ्यायची.

ब्रकमनचा धंदा इथे उपयोगी पडतो. विमा कंपनीही मृत्यूबद्दल भाकीत करते. एका वयाच्या लाखभर माणसांपैकी वर्षात अंदाजे किती दगावतील, हे ती जुन्या नोंदींवरून काढते आणि त्या आकड्यावर स्वतःचा पैसा लावते. अंदाज चुकला तर नुकसान तिचेच. मात्र त्या लाखांतला नेमका कोण, हे ती सांगत नाही. विज्ञानाचे भाकीत असे असते : आधी मांडलेले, चुकण्याची तयारी असलेले आणि आपली मर्यादा ओळखणारे. याप्पी मात्र 'नेमका कोण' ते सांगण्याचा आव आणतो आणि चुकायला जागाच ठेवत नाही.

वर्गात हे करून पाहता येईल. 'तुम्ही वरून शांत दिसता, पण मनात कधी कधी अस्वस्थ असता' अशी आठ-दहा वाक्ये कागदावर उतरवा, प्रती काढा आणि बंद पाकिटांतून 'तुमचा स्वभाव' म्हणून एकेकाला द्या. पाचपैकी गुण लिहून घ्या, मग शेजाऱ्याशी कागद बदलायला सांगा. हशा ओसरला की फळ्यावर एकेक वाक्य लिहून एकच प्रश्न विचारा : काय घडले असते तर हे वाक्य चूक ठरले असते?

ज्या वाक्याला या प्रश्नाचे उत्तर नाही, ते दाढीच्या वाक्याच्या रांगेत बसवा. मग ते कोणीही, कितीही साधेपणाने सांगितलेले असो.