शालेय आरोग्यतपासणीचे मूल्यमापन : एक आक्षेप

शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी आपल्याकडे नवी नाही; बडोदे शहरात ती १९०९ मध्येच सुरू झाली होती. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने तिला देशव्यापी रूप दिले. फिरत्या पथकाने शाळेत वर्षातून एकदा जावे, मुलांतील व्यंग, आजार व कमतरता हेराव्यात आणि त्यांस उपचारार्थ पुढे पाठवावे, अशी ही योजना. तिचा हेतू निर्विवाद आहे. आक्षेप आहे तो तपासलेल्या मुलांच्या संख्येवरून तिचे यश मोजण्याच्या पद्धतीस. ती संख्या श्रमाचे माप होय, फलाचे नव्हे. मंद दृष्टीची नोंद झाल्याने दृष्टी सुधारत नाही. चष्मा मिळाला काय, आणि सहा महिन्यांनंतरही मूल तो वापरते काय, हे पाहावयास हवे.

नवी मुंबईत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्या स्थलांतरित मजुरांस रोजंदारी बुडवून रुग्णालयाच्या खेपा घालणे परवडत नाही. कामाबरोबर बिऱ्हाड हलते आणि मुलाची शाळाही सुटते. असे मूल तपासणीच्या आकड्यात राहते, उपचारातून मात्र निसटते. म्हणून अभ्यासकाने तपासलेल्यांची नव्हे, तर दोष आढळलेल्या मुलांची यादी हाती घ्यावी आणि त्यांपैकी कितींचे उपचार पूर्ण झाले, एवढेच विचारावे.