निरोप कुणाला मिळतो?

दोन टीव्ही चॅनेल एकत्र आली की बातमी अर्थपानावर येते. कुणाचे किती टक्के, कुणाची खुर्ची गेली, किती जणांना घरी पाठवलं. त्या चॅनेलवरच्या गोष्टींचं काय झालं, हे त्या बातमीत नसतं. ते शोधायचं तर मालिकांचे शेवट बघावे लागतात.

अमेरिकेतल्या दोन छोट्या नेटवर्कांचं २००६चं विलीनीकरण घ्या. तुम्ही फोनवर ‘द व्हॅम्पायर डायरीज’ किंवा ‘रिव्हरडेल’ पाहिलं असेल, तर या विलीनीकरणातून जन्मलेलं ‘सीडब्ल्यू’ हे नाव ओळखीचं असेल. त्याच्या पोटात दोन नेटवर्क गेली: ‘द डब्ल्यूबी’ आणि ‘यूपीएन’.

दोघांचा जन्म भीतीतून झाला. बड्या नेटवर्कांनी मुख्य वेळेतल्या मालिकांची मालकी स्वतःकडे ठेवू नये, असा तिकडे १९७०पासून नियम होता. मालिका स्टुडिओंनी बनवायच्या, नेटवर्कांनी दाखवायच्या. नव्वदच्या दशकात हा नियम सैल होत १९९५मध्ये संपला. बडी नेटवर्क आता घरचाच माल दाखवणार, मग आपला कोण घेणार, ही स्टुडिओंची धास्ती. म्हणून जानेवारी १९९५मध्ये एकाच आठवड्यात वॉर्नरचं डब्ल्यूबी आणि पॅरामाउंटची साथ असलेलं यूपीएन सुरू झालं.

नव्या दुकानाने गिऱ्हाईक कुठून आणायचं? ज्यांच्याकडे बड्या दुकानांचं लक्ष नाही, त्यांच्यातून. फॉक्सने आधी हेच केलं होतं. ‘मार्टिन’, ‘लिव्हिंग सिंगल’ अशा कृष्णवर्णीयांच्या विनोदी मालिकांवर बस्तान बसवलं, फुटबॉलचे हक्क मिळाले, आणि मग त्या मालिका हळूहळू बाजूला पडल्या. डब्ल्यूबीचीही पहिली मालिका ‘द वेयन्स ब्रदर्स’ होती. पुढे ते ‘डॉसन्स क्रीक’च्या गोऱ्या किशोरांकडे वळलं. यूपीएन मात्र ‘मोइशा’, ‘द पार्कर्स’, ‘गर्लफ्रेंड्स’ करत राहिलं. त्याला संत ठरवायची गरज नाही. लिंकनच्या कृष्णवर्णीय नोकरावरची एक विनोदी मालिका याच यूपीएनने १९९८मध्ये आणली होती आणि निषेध ओढवून घेतला होता. पण जागा होती, आणि जागा असली की कधीतरी त्यात चांगलं काही उगवतं.

मारा ब्रॉक अकीलची ‘गर्लफ्रेंड्स’ (२०००) हे ते चांगलं. लॉस एंजेलिसमधल्या चार कृष्णवर्णीय मैत्रिणी. जोन वकील, आणि माया तिच्याच ऑफिसात तिची सहायक. मालिकेची खरी ताकद इथे आहे. मैत्रिणींच्या थट्टेत पगारातला फरक सतत डोकावतो. माया जोनला टोमणा मारते तेव्हा तो एका मैत्रिणीने दुसरीला मारलेला असतो आणि हाताखालच्या बाईने साहेबिणीला मारलेलाही. बड्या नेटवर्कांवर कृष्णवर्णीय पात्र बहुधा एकटं असायचं, आणि त्याला सगळ्या समाजाचं प्रतिनिधित्व करावं लागायचं. इथे चौघी होत्या, त्यामुळे प्रत्येकीला फक्त स्वतःपुरतं चुकता येत होतं.

२४ जानेवारी २००६ला सीबीएस आणि वॉर्नर यांनी दोन्ही नेटवर्क बंद करून निम्म्या-निम्म्या भागीदारीत सीडब्ल्यू काढायचं जाहीर केलं. दोन जाहिरात विभाग, दोन प्रसिद्धी विभाग, एक जादा. ही कपात मोजली जाते. पण यूपीएनच्या ‘ईव्ह’, ‘हाफ अँड हाफ’, ‘वन ऑन वन’ या मालिका त्याच मे महिन्यात संपल्या. त्यांचे लेखक, रंगभूषाकार, कॅमेऱ्यामागची माणसं नेटवर्कच्या पटावर नव्हतीच. विलीनीकरणाच्या कपातीत त्यांना कोण मोजणार?

आता निरोप बघा. १७ सप्टेंबर २००६ला डब्ल्यूबीने शेवटची रात्र साजरी केली. ‘बफी’, ‘एंजल’, ‘फेलिसिटी’, ‘डॉसन्स क्रीक’ यांचे पहिले भाग पुन्हा दाखवले. यूपीएनचा शेवटचा कार्यक्रम दोनच दिवस आधी झाला होता: कुस्तीचा ‘स्मॅकडाउन’. समारंभ नाही.

मालिकांचंही तेच. डब्ल्यूबीच्या ‘सेव्हन्थ हेवन’ या गोऱ्या पाद्र्याच्या कुटुंबाच्या मालिकेचा ‘अखेरचा भाग’ मे २००६मध्ये वाजतगाजत दाखवला गेला. मग सीडब्ल्यूने तिला परत आणलं आणि २००७मध्ये दुसरा शेवट दिला. ‘गर्लफ्रेंड्स’ला एकही मिळाला नाही. टोनीचं काम करणारी अभिनेत्री विलीनीकरणाच्याच वर्षी बाहेर पडली, आणि जोन-टोनीची तुटलेली मैत्री तशीच राहिली. १७२ भागांनंतर, ११ फेब्रुवारी २००८ला मालिका मध्येच थांबली. पहिल्या भागापासून लग्नाची आस लावून बसलेल्या जोनचं लग्न आपण पाहतच नाही.

लेखकांचा संप होता, हे खरं. पण तो दुसऱ्याच दिवशी मिटला, आणि सीडब्ल्यूचीच ‘गॉसिप गर्ल’ एप्रिलमध्ये नव्या भागांसह परतली. म्हणजे कुणासाठी थांबायचं हे ठरलेलं होतं. अठरा ते चौतीस वयाच्या स्त्रिया हे सीडब्ल्यूचं लक्ष्य होतं. ‘गर्लफ्रेंड्स’ त्याच वयाच्या स्त्रियांची मालिका होती. तरीही तिच्या प्रेक्षकाला त्या हिशेबात धरलं गेलं नाही. २००९पर्यंत ‘द गेम’ आणि ‘एव्हरीबडी हेट्स क्रिस’ही गेल्या. ‘द गेम’ २०११मध्ये बीईटीवर परतली तेव्हा पहिल्या रात्री ७७ लाख लोकांनी ती पाहिली. प्रेक्षक कुठेही गेला नव्हता.

तोट्यातलं दुकान बंद करायचा हक्क मालकाला आहे, हे मान्य. पण गोष्ट संपवणं हा उपकार नाही. आठ वर्षं बघणाऱ्याचं तेवढं देणं असतं. ते कुणाला चुकवलं आणि कुणाचं बुडवलं, यावरून नेटवर्क कुणाला आपला प्रेक्षक मानत होतं ते कळतं.

२०२२मध्ये सीडब्ल्यूचा ७५ टक्के हिस्सा नेक्स्टारने घेतला. मग माणसं कमी झाली, बऱ्याच मालिका गेल्या, गोल्फ आलं. २०२४पासून तिथे कुस्तीही परत आली आहे. ‘गर्लफ्रेंड्स’च्या चौघी मात्र २०१९मध्ये एकदाच पडद्यावर एकत्र दिसल्या, दुसऱ्या चॅनेलवर, दुसऱ्याच्या मालिकेत, दुसऱ्या नावांनी.